शिक्का न पडलेला कागद

सोमवार, २ मार्च

ताई,

मला लिहू नकोस असे तू सांगितले नव्हतेस. "आता बोलू नकोस, वाळवी. खूप दिवस बोलू नकोस," एवढेच म्हणाली होतीस. लिहिणे म्हणजे बोलणे नव्हे, अशी पळवाट काढून मी हे पत्र लिहिते आहे. या आगाऊपणाबद्दल आरंभीच तुझी क्षमा मागते. खूप दिवस म्हणजे किती, हे त्या दिवशी विचारण्याची सोय नव्हती. तू आपली खोली सोडलीस त्याला आज चोवीस दिवस झाले. ते पुरेसे नसतील तर हे पत्र बाजूला ठेव आणि मन होईल तेव्हा वाच, असे मी लिहिले असते; पण मध्ये एक तारीख आडवी आली आहे.

अक्षर मुद्दाम मोठे काढले आहे आणि एका पानावर बाराच ओळी ठेवल्या आहेत. दोन पाने झाली की डोळे मीट, मग पुढची दोन वाच. मोबाइलवर पाठवले असते तर तू उजळ पडद्याकडे बघत एका दमात वाचले असतेस आणि मग संध्याकाळभर कपाळ धरून बसली असतीस.

आता मुद्द्यावर येते. तू १६ फेब्रुवारीला परवानगी न घेता एक विषय सोडून दिलास. तुझ्याकडे चाराचे तीन विषय राहिले, आणि परदेशातून आलेल्या विद्यार्थिनीने चारांच्या खाली उतरायचे नाही, हा इथला नियम आहे. त्यावरून २६ फेब्रुवारीला तुला विद्यापीठाची सूचना आली. ती तू पाहिली असशील. शुक्रवार, १३ मार्च, दुपारी बारापर्यंत फेरविचाराचा अर्ज केला नाहीस, तर इथे राहण्याची तुझी परवानगी संपेल आणि तुला घरी परतावे लागेल. सूचना ज्या दिवशी निघाली त्या दिवशी तिची प्रत मीच तुझ्या फायलीत लावली. अभ्यास सांभाळून परदेशी विद्यार्थ्यांच्या सल्ला कक्षात मी करते ते काम तुला ठाऊकच आहे. तू मला 'शिक्केवाली बाई' म्हणायचीस. कागद आला की त्यावर तारीख आणि वेळ उमटवायची, पुरा असेल तर उजव्या ट्रेमध्ये, अपुरा असेल तर डाव्या. या नोकरीला लागल्यापासून माझ्या हातून शिक्क्याशिवाय एकही कागद पुढे गेलेला नाही.

विषय कमी करण्याची परवानगी दोन कारणांनी मिळते. एक, 'अभ्यासात अडचण'. हे कारण पूर्ण शिक्षणात एकदाच वापरता येते आणि पुढच्या सत्रात पुन्हा चारही विषय घ्यावेच लागतात. दुसरे, 'वैद्यकीय'. त्याला डॉक्टरांचे पत्र लागते. पण ते दर सत्राला नव्याने देता येते आणि वर्षभर चालते. तुझ्या ऑक्टोबरच्या अर्जात कारणाचा रकाना चुकीचा भरला गेला आहे. अशा चुका होतात. तू सल्लागार मॅडमना भेटून फेरविचाराचा अर्ज दे आणि डॉक्टरांचे पत्र पुन्हा जोड, म्हणजे सर्व मार्गी लागेल.

तुझी,
वाळवी

गुरुवार, ५ मार्च

ताई,

सोमवारचे पत्र मी पाठवले नाही. पुन्हा वाचल्यावर ते पत्र न वाटता कक्षाच्या भिंतीवरची सूचना वाटली; शिवाय त्यातले एक वाक्य नीट नाही. कोणते, ते आज लिहिणार नाही.

काल आईचा फोन आला होता. सुरुवातीला नेहमीप्रमाणे पाणी आले का, कोण आजारी आहे, कोणाचे काय ठरले, हे झाले. मग एकदम आवाज उतरवून ती म्हणाली, "ताई परत येतेय म्हणे. तुला ठाऊकच असेल." मला ठाऊक नव्हते. तू मावशीला फोन करून काय म्हणालीस, ते आईने मला जसेच्या तसे सांगितले. "आई, नाही झेपलं मला. आपल्यात हुशार ती वाळवीच." हे तू हसत सांगितलेस, आणि मावशी मात्र फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन रडली.

हे वाक्य तुझ्या तोंडून ऐकण्याची मी किती वर्षे वाट पाहिली, हे तुला सांगितले तर तुला खरे वाटणार नाही. ऐकल्यावर पहिल्या क्षणी मला अगदी गार वाटले, हेही लिहून ठेवते. नंतर कोणी विचारले तर नाकबूल करता येऊ नये म्हणून. दुसऱ्या क्षणी हातातला पेला टेबलावर ठेवावा लागला. आई पलीकडून विचारत होती, "ऐकतेयस ना गं?"

आपण एका वर्गात, एका बाकावर दहा वर्षे बसलो. तू अकरा दिवसांनी मोठी, म्हणून आईने मला तुला 'ताई' म्हणायला लावले; मी पुस्तके पोखरते म्हणून तू मला 'वाळवी' म्हणू लागलीस. दहा वर्षे माझा पहिला क्रमांक आला आणि तुझा दुसरा. पहिल्या क्रमांकाने दुसऱ्याचा हेवा करावा, हे कोणाला सांगितले तर वेड्यात काढतील. पण तुला आठवते का, शेवटच्या निकालाच्या दिवशी मुख्याध्यापिका बाईंनी माझे प्रमाणपत्र माझ्या हातात दिले, आणि मोकळा झालेला हात तुझ्या पाठीवर ठेवला. आपल्यात दोन गुणांचा फरक होता. सगळ्या शिक्षकांसमोर बाई हसून म्हणाल्या, "हिनं मनावर घेतलं असतं ना, तर हिला गाठणं कुणाला जमलं नसतं." तू जीभ चावलीस. मावशी लाजली. माझी आईसुद्धा कौतुकाने हसली. मी प्रमाणपत्राच्या कडेला हात लावून उभी होते.

तेव्हापासून माझा पहिला क्रमांक मला माझा वाटलेला नाही. तू आळस केलास म्हणून माझ्या पदरात पडलेले ते माप होते. मी पहाटे उठून कोष्टके पाठ करायची, तू परीक्षेच्या आदल्या दिवशी माझ्याच वहीवरून नजर फिरवायचीस, आणि दोन गुणांनी मागे राहून शाळाभर हुंदडायचीस. वाढदिवसाला मैत्रिणी तुझ्या यायच्या. माझ्या वाढदिवसाला अकरा दिवसांनंतर त्याच यायच्या, आणि तुझ्याशी बोलत बसायच्या. तू कधी मुद्दाम काही केले नाहीस. केले असतेस तर भांडता तरी आले असते.

इथे आल्यावर मला वाटले, परकी भाषा आहे, परके लोक आहेत, इथे तरी मेहनतीला मोल असेल. पहिल्या आठवड्यात इमारतीचा पहारेकरी तुला नावाने हाक मारू लागला. मला तो अजूनही 'तिची बहीण' म्हणतो.

हे पत्रही पाठवण्याजोगे नाही. पण फाडणार नाही.

शनिवार, ७ मार्च

ताई,

जे वाक्य नीट नाही ते हे: 'रकाना चुकीचा भरला गेला आहे.' तो मी भरला. आणि चुकीने भरला नाही.

८ ऑक्टोबरला तू ओट्याखालून उठलीस आणि वरच्या कपाटाच्या उघड्या दाराचा कोपरा तुझ्या डोक्यात बसला. ते दार तूच उघडे ठेवले होतेस. घरभर दारे उघडी ठेवणारी तू आणि मागून लावत फिरणारी मी. तू खाली बसून हसलीस, "डोक्यात काही असतं तर वाजलं असतं," म्हणालीस, आणि दोन तासांनी तुला वर्तमानपत्राची ओळ सरळ दिसेना. डॉक्टरांनी अंधारात पडून राहायला सांगितले. वाचायचे नाही, पडद्याकडे बघायचे नाही. मग रोज संध्याकाळी पडदे ओढून, दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडात मी तुला तुझी पुस्तके वाचून दाखवू लागले. ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस होते, हे लिहायला मला संकोच वाटतो. तू कुठे जात नव्हतीस. तुझ्याकडे कोणी येत नव्हते. तुला जे काही कळायचे, ते माझ्या आवाजातून कळत होते.

१३ ऑक्टोबरच्या संध्याकाळी मी एक प्रकरण वाचत होते. ते मी स्वतः तीनदा वाचले होते; समासात तीन रंगांच्या खुणा होत्या. तू डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडली होतीस. मला वाटले, झोपलीस. आणि तू म्हणालीस, "थांब. मागच्या पानावर तो नेमकं उलटं म्हणाला होता ना?"

मी पान उलटले. लेखक खरोखर उलटे म्हणाला होता. माझ्या तिन्ही रंगांखाली ते लपून राहिले होते.

तू "असू दे, पुढे वाच," म्हणालीस आणि कूस बदललीस. मी पुढे वाचले. पण काय वाचले ते मला आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा अर्ज मी भरला. चार विषयांचे दोन करायचे होते. डॉक्टरांचे पत्र माझ्याकडेच होते, कारण दवाखान्यात मीच सोबत आले होते. त्यात चार ओळी आहेत: डोक्याला मार, सलग वाचन टाळावे, विषय निम्मे करावेत, पूर्ण बरे होण्यास सहा महिने ते वर्ष लागू शकते. अर्जात कारणासाठी दोन चौकटी असतात, एकीखाली दुसरी. मी वरच्या चौकटीत खूण केली. 'अभ्यासात अडचण.' तू विचारलेस, "कुठे सही करू?" मी तुझे बोट धरून जागा दाखवली. "तू आहेस म्हणून बरं," तू म्हणालीस, "नाहीतर मी कुठेही अंगठा उठवला असता."

ताई, जगात एखादा तरी कागद असा असावा, की ज्यावर 'हिला अभ्यास झेपला नाही' असे लिहिलेले आहे आणि खाली तुझी सही आहे, असे मला वाटले. बस, एवढेच. तो कागद फायलीत राहील, कोणी उघडणार नाही, आणि तो तिथे आहे हे फक्त मला ठाऊक असेल. पुढे काय होईल याचा विचार मी केला नाही, असे लिहायला घेतले होते. पण मी केला होता. नियम मला तोंडपाठ आहेत.

सल्लागार मॅडम कशा आहेत हे तुला सांगायला हवे, कारण तू त्यांना कधी भेटली नाहीस आणि त्यालाही मीच कारण आहे. दोन चष्मे वापरतात, एक नेहमी हरवलेला असतो. विषय कमी करायला कोणीही आले तरी अर्ज हातात घेण्यापूर्वी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "नीट झोप लागते का?" मला तो प्रश्न वेळेचा अपव्यय वाटे, बाहेर रांग असते. तुझा अर्ज बघून त्यांनी मला विचारले, "ही तुझी बहीण ना? काय झालंय तिला?"

मी म्हणाले, "अभ्यास जड जातोय."

"मग तिला पाठव की आत. बोलू आपण."

मी म्हणाले, ती लाजते. तू आणि लाजतेस! पण मॅडमनी विश्वास ठेवला, कारण लाजणे म्हणजे काय हे त्यांनी माझ्याकडे रोज पाहिले होते. अर्ज मंजूर झाला. तुला "सत्र संपेपर्यंत दोन विषय" एवढाच निरोप गेला, कारण त्यात कारण लिहीत नाहीत. डॉक्टरांचे पत्र फायलीत लावले, असे मी तुला सांगितले. ते माझ्या शब्दकोशात आहे. 'क्ष'च्या पानात, कारण तिथे कोणी जात नाही.

जानेवारीत तू विचारलेस, या सत्रातही दोनच विषय घेता येतील का? मी म्हणाले, "एकदाच मिळतं." मी ज्या चौकटीत खूण केली होती तिच्यापुरते ते खरे होते. या खरेपणाच्या आधाराने मी दोन महिने जगले.

आणि ५ फेब्रुवारीला तू काळा चष्मा लावून टेबलाशी बसली होतीस, पुस्तक उघडे होते, आणि तू म्हणालीस, "वाळवी, अक्षरं हलतात गं अजून." तेव्हा मी जे बोलले ते तू विसरली असण्याची आशा मला नाही. "जन्मभर अर्ध्या अभ्यासावर निभावलंस. आता चार महिने पूर्ण करून बघ."

तू पुस्तक मिटलेस. उठलीस, आणि स्वयंपाकघरातली सगळी उघडी कपाटे एक एक करून लावलीस. दुसऱ्या दिवशी सामान बांधून, न बोलण्याचे सांगून गेलीस. मी संध्याकाळी परतले तेव्हा खोलीत लावण्यासारखे एकही दार उरले नव्हते.

मंगळवार, १० मार्च

ताई,

आज सगळी पत्रे आणि डॉक्टरांचे पत्र एका पाकिटात घालून मी तुझ्या नव्या घराकडे निघाले होते. माझ्या दारापासून तुझ्या दारापर्यंत चालत बारा मिनिटे लागतात. मी आठव्या मिनिटाला एकदा थांबले, पण पुन्हा चालू लागले, हे माझ्या बाजूने लिहून ठेवते.

तुमच्या इमारतीच्या तळमजल्यावर कपडे धुण्याची खोली आहे, तिला रस्त्याकडे मोठी खिडकी आहे. तू एका यंत्रावर पाय हलवत बसली होतीस, डोळे मिटलेले. तुझ्याबरोबर राहणाऱ्या दोघी जणी होत्या. एक चादर घडी करत होती. दुसरी, आखूड केसांची, तुला पुस्तक वाचून दाखवत होती. काच बंद होती, आवाज ऐकू येत नव्हता. पण पुस्तकाचे वेष्टन मी ओळखले. तेच पुस्तक. मध्येच तू हात वर केलास, ती थांबली, तू काहीतरी म्हणालीस, आणि तिघीही इतक्या हसलात की घडी घालणारीच्या हातून चादर सुटली.

एवढ्या संकटात तू मला विसरून हसावेस, याचा मला राग यायला हवा होता, असे नाही. पण ती जागा माझी होती. डोळे मिटलेली तू, आणि तुझ्यासाठी मोठ्याने वाचणारी मी. इतक्या लवकर दुसरी मिळाली तुला. तुला नेहमीच दुसरी मिळते. मला तू एकच होतीस.

मी परत फिरले. पाकीट पिशवीतच राहिले. वाटेत मी स्वतःला समजावले की एवढी माणसे भोवती असताना तुला माझ्या कागदाची गरज नाही. त्यांतली कोणीतरी तुला मार्ग सुचवेल. हे खरे नाही, हे मला माझ्या दारापाशी पोचण्यापूर्वीच कळले होते. त्या दोघींना ठाऊक नाही की फायलीत काय आहे. तुला ठाऊक नाही. मॅडमना ठाऊक नाही. तुझे डॉक्टरांचे पत्र फायलीत आहे असे तू समजतेस, म्हणून तू दुसरे मागायला जाणार नाहीस. शुक्रवारी दुपारी बारा वाजता तू इथे राहशील की नाही, हे ठरवणारा कागद शब्दकोशातून निघून आज माझ्या पिशवीत, माझ्याच छत्रीखाली घरी परत आला.

आईला फोन केला. मी काही सांगितले नाही. तिनेच सांगितले की मावशीने तुझी जुनी खोली झाडून ठेवली आहे, आणि शेजारीपाजारी विचारले तर काय सांगायचे ते दोघी मिळून ठरवत आहेत. मावशीचे म्हणणे, आजारपण सांगावे. आईचे म्हणणे, हवामान मानवले नाही असे सांगावे. "पण ती स्वतःच सगळ्यांना सांगत सुटेल की झेपलं नाही म्हणून," आई म्हणाली. "तिला मेलीला लपवाछपवी कधी जमलीय?"

नाही जमली. ती माझ्याकडे आहे.

गुरुवार, १२ मार्च

ताई,

हे शेवटचे पान मी तुमच्या इमारतीसमोरच्या बाकावर बसून लिहिते आहे. अक्षर वाकडे आले असेल तर त्याचे कारण मांडीवरची पिशवी आहे, दुसरे काही नाही.

आज दुपारी दोन वाजता मी मॅडमच्या खोलीत गेले. दार लावून घेतले. रात्री जागून भाषण तयार केले होते; ते पहिल्या वाक्यानंतर विसरले. म्हणून शनिवारी तुला जे लिहिले तेच त्यांना त्यांच्या भाषेत सांगितले, चौकटीपासून शब्दकोशापर्यंत, आणि ते लिहून, सही करून दिले. डॉक्टरांचे पत्र टेबलावर ठेवले. त्यांनी जवळचा चष्मा शोधला, तो सापडला नाही, तेव्हा दूरच्या चष्म्यातूनच पत्र हात लांब करून वाचले. मी शिक्षेची वाट पाहत होते. मला शिक्षा चांगली समजते, तिचे मला भय नाही. पण त्यांचा पहिला प्रश्न असा होता:

"तिचं डोकं आता कसं आहे?"

आणि ताई, तेव्हाही, तिथेही, माझ्या पोटात दुखले. अपराध मी केला, कबुली मी दिली, समोर मी उभी, आणि विचारपूस तुझी. मत्सर माझ्यातून निघून गेला असे लिहिले, तर ते या पाकिटातले आणखी एक खोटे ठरेल. म्हणून लिहीत नाही.

"अक्षरं हलतात अजून," मी म्हणाले. "महिन्यापूर्वीचं ठाऊक आहे. नंतरचं नाही."

मग त्यांनी काम हातात घेतले. फेरविचाराचा अर्ज त्यांनी स्वतः लिहिला. कारण: वैद्यकीय, ऑक्टोबरपासून. चूक कक्षाच्या कर्मचाऱ्याची, विद्यार्थिनीची नव्हे, असे स्पष्ट नमूद केले. या सत्रात तुला दोनच विषय ठेवता येतील, आणि बरे वाटले नाही तर पुढच्या सत्रासाठीही अर्ज करता येईल. वरची चौकट, जी एकदाच वापरता येते, ती रद्द होईल. म्हणजे तो कागद, ज्यासाठी मी हे सारे केले, तो राहणार नाही. तुला फक्त एकच करायचे आहे: उद्या बाराच्या आत येऊन सही. कागद मॅडमच्या टेबलावर आहे. या वेळी सही करण्यापूर्वी कोणाकडून तरी पूर्ण वाचून घे. आखूड केसांच्या मुलीला घेऊन गेलीस तरी चालेल.

अर्ज झाल्यावर मॅडमनी डॉक्टरांचे पत्र माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाल्या, "याच्यावर शिक्का नाही."

पाच महिन्यांत माझ्या हातून शिक्क्याशिवाय राहिलेला तो एकच कागद. मी शिक्क्याची चाके आजच्या तारखेवर आणली आणि उमटवला: १२ मार्च, दुपारी २ वाजून ५० मिनिटे. मग शिक्का आणि खणाची किल्ली टेबलावर ठेवली, कारण आता तिथे मी काम करू शकत नाही, हे दोघींनाही न सांगता कळले होते. माझ्याबद्दल पुढे काय ठरेल ते सोमवारी कळेल. त्याची काळजी तू करू नकोस. करशील, हे ठाऊक आहे, आणि त्याचाही मला राग येतो.

दाराशी गेले तेव्हा त्यांनी मला थांबवले आणि जो प्रश्न त्या सर्वांना विचारतात तो विचारला. मी पाच विषय घेतले आहेत, हे त्यांना ठाऊक आहे. चार पुरत असताना पाच. मी दार उघडले. रांग उभी होती.

त्या तुला लगेच फोन करणार होत्या. मी विनंती केली की तुला आधी माझ्याकडून कळू दे. त्यांनी घड्याळ पाहून पाच वाजेपर्यंतचा वेळ दिला. म्हणून हे पाकीट मी आता तुझ्या दाराखालून आत सरकवणार आहे. बेल वाजवीन आणि जिन्याने खाली उतरेन. मागे येऊ नकोस. जिन्यात उजेड भगभगीत आहे, तुझ्या डोळ्यांना सोसणार नाही.

आईला आणि मावशीला मी रविवारी स्वतः सांगेन. तुझी खोली झाडून ठेवली आहे, तिला पुन्हा कुलूप लावायला सांगेन.

तू माफ करावेस अशी माझी मागणी नाही. मागणी एकच आहे, आणि ती चांगुलपणातून आलेली नाही, हे ध्यानात ठेव. तू राहा. डोके बरे होऊ दे, अक्षरे जागेवर येऊ देत, घाई करू नकोस, वर्ष लागले तरी लागू दे. आणि मग एकदा, एकदाच, मनावर घे. मला बघायचे आहे.

तुझी अकरा दिवसांनी धाकटी,
वाळवी

शिक्का जवळ नाही, म्हणून हाताने लिहिते.
पाठवले: गुरुवार, १२ मार्च, दुपारी ४ वाजून ३६ मिनिटे.